टर्बो इंजिनाचं ऑइल गळतंय? आधी उगम शोधा, मग पाना हातात घ्या

टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की गॅरेजमध्ये बहुधा दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं: 'टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय' किंवा 'टर्बो गेला'. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पॅकिंग म्हणजे जोडातून ऑइल गळू न देणारी पट्टी. दोन्ही खरं असू शकतं. पण कित्येकदा पॅकिंगही चांगलं असतं आणि टर्बोही. इंजिनाच्या पोटात दाब साठलेला असतो किंवा टर्बोतून ऑइल परत जायची वाट बंद झालेली असते. ते न पाहता भाग बदलले तर खर्च होतो आणि महिन्याभरात गळती परत सुरू होते.

इथे उदाहरण म्हणून १.३ लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन घेतलं आहे. १२४८ सीसीचं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, झेस्ट, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलं. टाटा आणि फियाटच्या गाड्यांसाठी ते पुण्याजवळ रांजणगावात बनत होतं. २०२० मध्ये धुराबाबतचे बीएस-६ नियम आले आणि आपल्याकडे ते बंद झालं, पण जुन्या बाजारात या गाड्या अजून भरपूर आहेत आणि त्यांची पॅकिंगं आता म्हातारी झाली आहेत. शोधायची पद्धत मात्र कुठल्याही टर्बो इंजिनाला तीच.

गळतंय ते नक्की काय?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने दाखवा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते कळेल. डिझेल इंजिनाचं ऑइल काळंकुट्ट असतं. गिअर ऑइल जाडसर, त्याला उग्र गंधकासारखा वास. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं आणि वासाला गोडसर. एसीचं पाणी नुसतं पाणीच. डिझेलच्या गळतीत मात्र फसायला होतं: ते जुन्या काजळीवरून वाहत येतं, म्हणून काळं दिसतं. बोटावर घेऊन वास घ्या. डिझेल असेल तर ऑइलचा शोध थांबवून आधी ती गळती बंद करा, आगीचा धोका तिथे जास्त आहे.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पातळी 'मॅक्स'च्या वर असेल तर ती स्वतःच गळतीचं कारण असू शकते. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) त्या ऑइलला घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) ऑइल हवेच्या पाइपात जातं आणि टर्बोचा परतीचा पाइप तुंबतो. जास्तीचं ऑइल काढून टाका. न भरताच पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये मिसळतंय. अशा पातळ ऑइलवर गाडी चालवू नका.

पोटातला दाब

ही तपासणी पाच मिनिटांची, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याच्या) बाजूला उतरतो. तो ब्रीदरमधून हवेच्या पाइपात परत जातो. ब्रीदर चिकटाने बंद झाला की हा वायू अडकतो आणि जो सील सर्वांत कमकुवत असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. म्हणून एका वेळी तीन-चार ठिकाणी ओल दिसली, तर पॅकिंगं मागवण्याआधी ब्रीदर बघा.

इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा बसवून रबरबँड लावा. मोजा ढिला पडून राहिला किंवा किंचित आत ओढला गेला तर ठीक. टम्म फुगून उभा राहिला तर दाब साठतोय. इंजिन बंद करून ब्रीदरचा होज काढा, आतला चिकट मळ साफ करा, होज कुठे चेपलाय का पाहा आणि चाचणी पुन्हा करा. ब्रीदर मोकळा असूनही मोजा फुगत असेल तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता मोठी. तिथे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावं, कारण या अवस्थेत नवं पॅकिंगही टिकणार नाही.

धुवा, मगच शोधा

जुन्या चिकटात नवी गळती दिसत नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर खालचा प्लॅस्टिक गार्ड काढा. अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर आणि हवेच्या पाइपाचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाका. डिग्रीझर मारून दहा मिनिटं थांबा, ब्रशने घासा आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर नको, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी महिनाभर त्रास देतं. गाडीखाली शिरायचं असेल तर ती फक्त जॅकवर ठेवू नका. स्टँड लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा.

कोरडं झाल्यावर १५-२० किलोमीटर चालवून या. मग टॉर्च घेऊन बघा. नियम एकच: ऑइल खाली वाहतं आणि गाडीच्या वाऱ्याने मागे जातं, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका हाच उगम. चेंबरचं पॅकिंग ओलं दिसलं तरी लगेच दोष त्याच्यावर ढकलू नका, वरून आलेलं ऑइलही तिथेच येऊन थांबतं.

गळती बारीक असेल तर ऑइलमध्ये टाकायचा यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) मिळतो. बाटलीवर दिलेल्या मापाइतकाच घाला, तेवढंच अंतर चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघा. उगमाची जागा पिवळी-हिरवी चमकते. डाय नसेल तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा. दहा मिनिटं इंजिन चालवल्यावर पावडरवर काळी रेघ उठते आणि तिचं वरचं टोक उगम दाखवतं. पावडर फिरणाऱ्या बेल्टवर आणि हवेच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका.

वरून खाली

ऑइलच्या झाकणाची ओ-रिंग, मग टॅपेट कव्हर, मग कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या दांड्याच्या) टोकाचा व्हॅक्यूम पंप. या पंपाची ओ-रिंग गेली तर ऑइल थेट गिअरबॉक्सवर उतरतं आणि मागचा क्रँक सील (क्रँकच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचा) गेल्यासारखं दिसतं. गिअरबॉक्स खाली उतरवायला सांगितलं गेलं तर आधी हा पंप कोरडा आहे का ते स्वतः बोट फिरवून बघा.

पुढे ऑइल फिल्टरचं घर. मल्टीजेटमध्ये फिल्टर कागदी असतो आणि त्याच्या घरालाच ऑइल कूलर जोडलेला असतो. कॅपची ओ-रिंग प्रत्येक फिल्टरबरोबर बदलायची असते, पण घाईत जुनीच बसवली जाते. कूलरचं पॅकिंग आतल्या आत गेलं तर बाहेर थेंबही पडत नाही; कूलंटच्या टाकीत तपकिरी साय धरते. ऑइल प्रेशर स्विचचा कनेक्टरही ओढून बघा. आत ऑइल असेल तर स्विच बदला, कारण ते वायरीच्या आतून चढत दूरवर जाऊन गळतं.

टर्बो

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल दाबाने वरून येतं, पण परत जाताना केवळ उतारावरून घरंगळतं. शाफ्टच्या टोकांना रबरी सील नसतात, पिस्टनच्या रिंगांसारख्या बारीक रिंगा असतात. परतीचा पाइप तुंबला किंवा पोटात दाब असला की ऑइल या रिंगांवरून पलीकडे जातं आणि चांगला टर्बोही गळतो. एअर फिल्टर पार चोंदलेला असेल तर हवेच्या बाजूला ओढ वाढते आणि तिथूनही ऑइल खेचलं जातं.

इंजिन गार असताना टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप काढा. आत तेलाचा हलका थर असणं नेहमीचं आहे, तो ब्रीदरमधून येतो. डबकं असेल तर विचार करा. आत दिसणाऱ्या टर्बोच्या पंख्याची मधली टोपी बोटांत धरून हलवा: आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे हाताला जाणवेल इतका नको आणि पाती घराला घासता कामा नये. इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या भागाचा) खालचा होज काढून आत किती ऑइल आहे तेही बघा. जोडाजवळच फक्त ओल असेल, गाडीची ओढ कमी झाली असेल आणि काळा धूर येत असेल तर दोष त्या होजच्या ओ-रिंगचा किंवा क्लिपचा आहे, टर्बोचा नाही.

इंटरकूलरमध्ये ऑइल साठलेलं असेल तर ते काढून टाकेपर्यंत गाडी पळवू नका. डिझेल इंजिन ते ऑइल इंधन म्हणून पिऊ शकतं आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही, आवाज चढतच जातो. तसं झालं तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा. हवेच्या तोंडावर हात ठेवू नका.

दुरुस्ती

टॅपेट कव्हर: जुन्या पॅकिंगचे अवशेष प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू कोरड्या करा. रबरी पॅकिंगला सिलिकॉन लावू नका. मॅन्युअलने सांगितलेल्या सांध्यांवरच एखादा ठिपका. बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत आवळा. एम६ बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, पण अंतिम आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला धरा. जोर लावून गळती थांबत नाही, कव्हर वाकतं.

चेंबर सिलिकॉनवर बसत असेल तर २-३ मिलिमीटरची सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जाड थर लावला की तो आत फुगतो, तुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. त्याचा पहिला बळी टर्बो. ऑइल भरण्याआधी पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्या.

टर्बोचा ऑइल येणारा पाइप बँजो बोल्टने, म्हणजे आतून पोकळ बोल्टने, बसतो. बोल्ट उघडला की दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवेच घाला. काही इंजिनांत या बोल्टात बारीक जाळी असते, ती बंद असेल तर टर्बो उपाशी राहतो. परतीचा पाइप काढून आतला कडक काळा कोक (जळलेल्या ऑइलचा थर) साफ करा, नाहीतर पाइपच बदला. त्याचं पॅकिंग धातूचं, कोरडं बसवा. सिलिकॉन इथे अजिबात नको, कारण आत आलेला गोळा परतीची वाट अर्धी करतो. पाइप सरळ खाली उतरला पाहिजे, कुठेही मुरड नको.

टर्बो उघडला असेल तर चालू करण्याआधी टर्बोच्या ऑइल येणाऱ्या भोकातून स्वच्छ ऑइल घाला, इंधन बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत क्रँक करा, मग मिनिटभर आयडल.

पुलीमागचा पुढचा क्रँक सील घरी करू नका. पुलीच्या बोल्टवर टायमिंगची (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांच्या जुळणीची) पकड असू शकते आणि लॉकिंग टूलशिवाय तो सोडला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

५० किलोमीटरनंतर सगळे जोड टॉर्चने बघा, ५०० नंतर पुन्हा. डाय घातला असेल तर आधी जुने डाग पुसा, नाहीतर तेच परत चमकतील. सगळं वर कोरडं असूनही इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून काळं ऑइल येत असेल, तर मागचा सील गेला असं धरायला हरकत नाही. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा क्लच प्लेटही त्याच वेळी तपासून घ्या.