घरच्या कार्यक्रमात मातीकाम ठेवायचंय? मग चाक राहू द्या

पॉटरी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर फिरतं चाकच येतं, म्हणून आमच्याकडे पहिल्यांदा असं केलं तेव्हा आम्ही पण चाकच आणलं आणि झालं काय, एक जण चाकावर नि बाकीचे बारा जण बघत उभे, आजीला तर वाकून बसणंच जमेना. नुसता गोळा चाकावर मधोमध स्थिर करायला नवख्या माणसाला कित्येक दिवस लागतात, दोन तासात कसं येणार ते? तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, घरच्या समारंभाला हातानेच करायचं काम ठेवा. टेबल, खुर्च्या, माती, बस. चार वर्षांचं पोर आणि ऐंशीचे आजोबा शेजारी बसून तेच काम करू शकतात.

आधी भट्टीची सोय बघा, माती नंतर. भाजून देणारा स्टुडिओ शोधा आणि माती पण त्यांच्याकडचीच घ्या, कारण प्रत्येक मातीचं तापमान वेगळं, साधी लाल माती साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसला भाजतात आणि स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची टणक माती) १२०० च्या वर, लाल माती चुकून त्या भट्टीत गेली तर वाकते, वितळते, फळीला चिकटते. भट्टी मिळतच नसेल तर एअर ड्राय क्ले (भाजावी न लागणारी, हवेतच सुकून कडक होणारी माती) घ्या, पण त्यात फक्त शोभेच्या वस्तू करा, पाणी प्यायला किंवा खायला ती भांडी चालत नाहीत.

माणशी अर्धा किलो माती पुरते. टेबलावर जाड सुती कापड अंथरा, नाहीतर सगळं खाली चिकटून बसतं. बाकी लाटणं, जुने काटे-चमचे, स्पंज, पाण्याची वाटी. आणि पाणी जपून हं! नवशिक्यांच्या वस्तू बिघडतात त्या बहुतेक जास्त पाण्याने, माती लिबलिबीत होते आणि कडा बसतात. भेग दिसली तर बोट नुसतं ओलं करून फिरवायचं.

लहानांना वाटी करायला द्या. मुठीत मावेल एवढा गोळा, अंगठा मधोमध खुपसायचा, तळाला साधारण १ सेंटीमीटर माती सोडायची आणि गोळा फिरवत फिरवत चिमटीने भिंत पातळ करत जायची. मोठ्यांना कपाला कान लावायचा मोह होतोच, तर तिथे एकच नियम पाळा, दोन्ही बाजू काट्याने खरवडायच्या, पातळ कालवलेली माती लावायची आणि मग दाबून बसवायचं. नुसतं चिकटवलं की सुकताना कान हमखास गळतो.

माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे सगळ्या घराचं मिळून एक ताट, सगळ्यांच्या हातांचे ठसे घेतलेलं. दोन सारख्या पट्ट्यांमधे माती ८ मिलिमीटर जाडीची लाटा, बाळाच्या हातापासून सुरुवात करा (झोपलेलं असेल तर उत्तम, मूठ सैल असते), मग बाकीचे, मागे तारीख कोरा. एक लक्षात ठेवा, सुकून भाजेपर्यंत माती साधारण दहा टक्के आकसते, २० सेंटीमीटरचं ताट १८ चं होतं, बाळाचा तळवा होता त्याहून इवलासा दिसतो.

सुकवायची घाई मात्र अजिबात नको. उन्हात, पंख्याखाली ठेवलं की कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो आणि ताट वाकतं. प्लास्टिक सैलसर पांघरून आठवडाभर, जाड वस्तू असेल तर अजून जास्त दिवस सावलीत राहू द्या. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होऊन वस्तू फुटते, शेजारी ठेवलेली वस्तू पण फोडते. पोरांनी पोकळ हत्ती-बित्ती केले असतील तर पोटाखाली टाचणीने भोक पाडा.

ग्लेझचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाचं, काम स्टुडिओवर सोपवलं तरी चालेल, फक्त खाण्याच्या भांड्यांना शिशाविरहित, फूड सेफ ग्लेझच हवं असं स्पष्ट सांगा.

आवरताना चिखलाचं पाणी बेसिनमधे ओतू नका, पाईप तुंबतो, बादलीत साठू द्या आणि खाली बसलेली माती पुन्हा वापरा. टेबल ओल्या फडक्यानेच पुसा, सुकी माती झाडली की बारीक सिलिका हवेत उडते, ती फुफ्फुसांना वाईट.

आणि निघण्याआधी सगळ्यांना नीट सांगा की वस्तू हातात पडायला तीन-चार आठवडे लागतील, प्रत्येकाने तळाला आपलं नाव कोरलंय ना ते पण बघा, नाहीतर भाजून आल्यावर सगळ्या वाट्या सारख्याच दिसतात आणि पोरं रडतात.