महागडी गाडी घेताय? आधी एअरबॅगचा रिकॉल असा तपासा

मागच्या वर्षी मावसभावासोबत एक सेकंड हँड युरोपियन स्पोर्ट्स कार बघायला गेलो होतो. विकणारा परत परत एकच सांगत होता, दहा वर्षांत जेमतेम चौदा हजार किलोमीटर चाललीय, कायम कव्हरखाली असते, बाळासारखी जपलीय. मी विचारलं की एअरबॅगचा रिकॉल झालाय का, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावली होती का आणि ते काम झालंय का, तर म्हणे डॅशबोर्डवर लाइट कुठे लागलाय, सगळं ओके आहे. माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसंच वाटत होतं, आणि मला भीती वाटते ती याचीच, कारण कमी किलोमीटर आणि बंद लाइट या दोन्हीवरून ही एअरबॅग चांगली की खराब ते कळतच नाही.

ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅगची भानगड बऱ्याच जणांनी ऐकली असेल. एअरबॅगमागे एक धातूचा डबा असतो, त्याला इन्फ्लेटर म्हणतात, त्यातलं रसायन पेटून गॅस होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते. ताकाताने त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं दिवसा तापणं, रात्री गार होणं, त्यात हवेतली ओल, यामुळे ते खराब होतं आणि मग पाहिजे त्यापेक्षा कितीतरी जोरात पेटतं. डबाच फुटतो आणि लोखंडाचे तुकडे तोंडावर, मानेवर येतात. साध्या धडकेत, जिथे माणूस खरचटून बाहेर आला असता, तिथे लोक गेलेत. एकट्या अमेरिकेत ६ कोटी ७० लाखांच्या आसपास इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, जगभरात १० कोटींच्या वर, आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आता कुणी म्हणेल हे साध्या गाड्यांचं असेल. नाही हो. फेरारीची ४५८ इटालिया आणि कॅलिफोर्निया, मॅक्लारेनची एमपी४-१२सी आणि पी१, मर्सिडीजची एसएलएस एएमजी, ऑडीची आर८, सगळ्या ताकाताच्या रिकॉलच्या यादीत आहेत. गाडी कोटींची असली तरी इन्फ्लेटर बाहेरच्याच सप्लायरचा. फेरारीचा तर २०१५ चा एक वेगळाच रिकॉल आहे, अमेरिकेतल्या ८१४ गाड्यांचा, त्यात स्टेअरिंगवरच्या एअरबॅगचं लेदर नीट चिकटवलेलं नव्हतं म्हणून पिशवी तिरकी उघडायची शक्यता होती.

आणि कमी चाललेल्या गाडीचं काय? हे रसायन किलोमीटरने नाही, वयाने आणि हवेने खराब होतं. अमेरिकेने रिकॉल करताना फ्लोरिडा, हवाईसारख्या गरम आणि दमट भागांना पहिला नंबर दिला तो उगाच नाही. मुंबई, कोकण, गोव्याची हवा आठवा. कव्हरखाली उभी असलेली गाडी पण तीच हवा खाते, उलट ती सर्व्हिसलाच कमी जाते म्हणून राहिलेलं काम कुणाच्या लक्षात येत नाही.

तर तपासायचं कसं.

पहिलं काम चॅसी नंबर. सतरा अक्षरं-आकडे असतात. आरसीवर असतो, पण तेवढ्यावर थांबू नका, गाडीवरचा बघा. बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून दिसतो, नाहीतर ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर. आम्ही मोबाइलचा टॉर्च तिरका धरून, काचेवरची धूळ रुमालाने पुसून वाचला आणि फोटो काढून ठेवला. एक लक्षात ठेवा, या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, म्हणजे ओ वाटला तर तो शून्य आणि आय वाटला तर एक. आरसीवरचा आणि गाडीवरचा एक आकडा जरी जुळला नाही तरी तिथूनच परत फिरा.

दुसरं, हा नंबर कुठे टाकायचा. भारतात विकलेली गाडी असेल तर त्या कंपनीच्या भारतातल्या वेबसाइटवर रिकॉलचं पान आहे का बघा, आणि असो वा नसो, अधिकृत सर्व्हिस सेंटरला मेल करा. फोनवर विचारलं तर "काही नाही सर, चेक केलं" एवढंच मिळतं, मेलचं उत्तर जपून ठेवता येतं. मेलमध्ये तीन गोष्टी विचारा: या नंबरवर कुठला रिकॉल बाकी आहे का, आधी झाला असेल तर कधी, आणि ड्रायव्हर साइड की पॅसेंजर साइड. तारीख का, तर सुरुवातीला काही गाड्यांत जुना इन्फ्लेटर काढून त्याच प्रकारचा नवा बसवला होता, तात्पुरता, आणि तो नंतर पुन्हा बदलायचा होता. त्यामुळे "बदललीय" हे अर्धंच उत्तर आहे.

गाडी अमेरिकेत असेल तर तिथल्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या साइटवर नंबर टाकला की बाकी असलेला रिकॉल दिसतो. पण तिथे एक मेख आहे जी महागड्या गाड्यांवाल्यांनी नीट समजून घ्यावी: छोट्या उत्पादकांचे, त्यात काही अतिमहाग ब्रँड पण आले, रिकॉल त्या सर्चमध्ये येत नाहीत, आणि दुसऱ्या देशांसाठी बनवलेल्या गाड्यांचेही नाहीत. म्हणजे पुण्यातल्या गाडीचा नंबर तिथे टाकून काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

रिकॉल बाकी निघाला तर पॅनिक नको, पण टाळाटाळ पण नको. "चालवू नका" असं सांगितलं असेल तर गाडी खरंच जागची हलवू नका, सर्व्हिस सेंटरला टो करून न्यायला सांगा. जुन्या २००० ते २००६ च्या काही बीएमडब्ल्यूंना २०२३ मध्ये अमेरिकेत अशीच सूचना दिली होती. फक्त पॅसेंजर साइड असेल तर काम होईपर्यंत पुढच्या सीटवर कुणालाही बसवू नका, बायको नाही, मित्र नाही, "पाच मिनिटांचं तर आहे" नाही. आणि ओळखीच्या मेकॅनिककडून वायर काढून घेणं अजिबात करू नका, ते स्फोटक आहे, शिवाय मग धडकेत एअरबॅगच नाही.

रिकॉलचं काम फुकट असतं. तुम्ही कितवे मालक आहात याने फरक पडत नाही, रिकॉल गाडीचा असतो, माणसाचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत कंपनीचं पत्र बऱ्याचदा पोचत नाही, ते जुन्या पत्त्यावर जातं, म्हणून हे सगळं आपणच करायचं. काम झाल्यावर जॉब कार्ड मागून घ्या, त्यावर रिकॉलचा उल्लेख आणि तारीख हवी.

सर्व्हिस सेंटर ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर गाडीच्या दोषाची तक्रार करता येते. १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकतं, पण तो नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. जुन्या गाडीसाठी कंपनीचा स्वतःचा रिकॉल आहे का हेच बघावं लागतं, आणि सेकंड हँड महागड्या गाड्या बहुतेक त्याच वयाच्या असतात.

विकत घेताना अजून एक. आधी ठोकलेली गाडी असेल आणि एअरबॅग उघडून नंतर बसवलेली असेल तर ती कुठून आली याचं बिल मागा. २०२४ मध्ये अमेरिकेत अशा स्वस्तातल्या डुप्लिकेट इन्फ्लेटरमुळे माणसं गेल्यावर एनएचटीएसएने इशारा दिला होता. लेदरची शिलाई ताजी दिसणं, एअरबॅगच्या झाकणाचा रंग बाजूच्या डॅशबोर्डपेक्षा किंचित वेगळा असणं, झाकणाच्या कडेला फट, हे दिवसाउजेडी नीट बघा.

मावसभावाच्या मेलला चार दिवसांनी उत्तर आलं: पॅसेंजर साइड बाकी. विकणाऱ्यालाच सांगितलं की आधी हे करून द्या, मग टोकन. त्याने करून दिलं, जॉब कार्डची झेरॉक्स आरसीसोबत ठेवलीय, रकमेच्या रकान्यात शून्य.