रीराइट रूलला हात लावायच्या आधी

परवा रात्री साडेदहाला शाहूपुरीतल्या एका पोराचा फोन आला, दादा साइट पूर्ण गेली, कुठलंही पान उघडा पाचशेची सर्व्हर एरर येतेय, मी फक्त एक रीडायरेक्ट टाकलेला, जुना पत्ता नव्याकडं वळवायला. जुन्या एचटीअ‍ॅक्सेसची, म्हणजे अपाचे या वेब सर्व्हरचे नियम ज्यात लिहितात त्या फाइलची, कॉपी आहे का विचारलं तर नाही, एरर लॉग, म्हणजे सर्व्हर चुका लिहून ठेवतो ती फाइल, बघितलास का विचारलं तर तो कुठं असतो दादा. तासभर फोनवर बसून सुटलं एकदाचं, पण तेव्हापासून डोक्यात होतं की हे सगळं सविस्तर लिहून ठेवायचं, कारण कोल्हापुरात आता चपलांच्या, गुळाच्या, चांदीच्या दुकानांच्या साइट्स एकट्यानं सांभाळणारी बरीच पोरं आहेत आणि रीराइट रूलमधे, म्हणजे आलेला पत्ता दुसऱ्या पत्त्यावर नेणाऱ्या ओळीत, कधी ना कधी प्रत्येकजण अडकतोच. रूल दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात भावांनो, रात्र जाते ती तयारी नसल्यामुळं.

तर सगळ्यात आधी कॉपी. एचटीअ‍ॅक्सेसचं नाव टिंबानं सुरू होतं म्हणून ती फाइल लपलेली असते, सीपॅनेलच्या, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलच्या, फाइल मॅनेजरमधे सेटिंग्जला जाऊन हिडन फाइल्स दाखवायचं टिक करा, नाहीतर सगळा फोल्डर सिलेक्ट करून उतरवून घेतला म्हणून निवांत बसाल आणि नेमकी तीच त्यात नसेल. कॉपीच्या नावात तारीख टाका. साइट वर्डप्रेसची असेल तर बिगिन वर्डप्रेस आणि एंड वर्डप्रेस या दोन ओळींच्या मधे आपलं काही लिहू नका, कुणी पर्मालिंकची, म्हणजे पानांच्या पत्त्यांची, सेटिंग परत सेव्ह केली की तेवढा तुकडा वर्डप्रेस स्वतः नव्यानं लिहितं आणि तुमचा रूल गायब. आपले रूल त्या तुकड्याच्या वर ठेवायचे. खाली ठेवले तर वरचा रूल सगळं आधीच इंडेक्स डॉट पीएचपी या मुख्य फाइलकडं नेतो, खालच्यापर्यंत काही पोचतच नाही.

दुसरं, ही फाइल कुणी वाचतंय का ते बघा. हे ऐकायला विचित्र वाटतं पण निम्म्या केसेस इथंच संपतात. एनजिनएक्स नावाचा दुसरा सर्व्हर एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही, तिथं कॉन्फिगमधेच लिहावं लागतं. अपाचे २.४ मधे ऑलाऊओव्हरराईडचं, म्हणजे ही फाइल मानायची का ते ठरवणाऱ्या सेटिंगचं, डिफॉल्ट नन आहे, म्हणजे स्वतःचा नवा सर्व्हर घेतला असेल तर फाइल जागेवर असून काहीच होणार नाही. उबुंटूवर मॉड रीराइट, म्हणजे हे रूल चालवणारा अपाचेचा भाग, पण आधी ए२एनमॉड रीराइट करून चालू करावा लागतो, मग अपाचे रीस्टार्ट. खात्री करायची साधी युक्ती म्हणजे एक चाचणीचा सबफोल्डर करा, त्यात नवीन एचटीअ‍ॅक्सेस टाका आणि पहिल्या ओळीत काहीही अगम्य शब्द लिहा, त्या फोल्डरचं पान पाचशे आलं तर फाइल वाचली जातेय, काहीच फरक पडला नाही तर रूल सुधारत बसू नका, होस्टिंगवाल्याला फोन लावा. मेन फोल्डरमधे हे करू नका, गिऱ्हाईक असतं साइटवर. आणि हो, अपाचेचा कॉन्फिगटेस्ट, म्हणजे कॉन्फिग तपासायची कमांड, सिंटॅक्स ओके म्हणाला म्हणून एचटीअ‍ॅक्सेस बरोबर आहे असं नसतं, ती फाइल तो तपासतच नाही, ती थेट रिक्वेस्ट आल्यावर वाचली जाते.

मग वही घ्या, खरंच कागदाची वही. डाव्या बाजूला जुना पत्ता, उजव्या बाजूला तो कुठं जायला पाहिजे आणि सर्व्हरकडून कोड काय यायला पाहिजे. दहाबारा पुरे, पण त्यात होमपेज हवं, एक फोटो, एक सीएसएस फाइल, अ‍ॅडमिनचं लॉगिन, शेवटी स्लॅश असलेला एक, नसलेला एक, प्रश्नचिन्हवाला एक. नवा रूल लावल्यावर प्रॉडक्टचं पान छान उघडतं आणि सगळे फोटो गेलेले असतात, हे दुकानदाराकडून कळण्यापेक्षा वहीतून कळलेलं बरं.

तपासायचं ब्राउझरमधे नाही, कर्ल या कमांडनं, डॅश कॅपिटल आय लावून, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराचं फक्त हेडर दिसतं. ब्राउझर ३०१, म्हणजे कायमचा रीडायरेक्ट, लक्षात ठेवतो, तुम्ही सर्व्हरवर रूल बदलला तरी तो जुन्याच ठिकाणी उडी मारत राहतो आणि तुम्ही बरोबर असलेला रूल परत चुकीचा करून ठेवता. म्हणून चाचणी चालू असेपर्यंत तात्पुरता ३०२ च ठेवायचा, ३०१ अगदी शेवटी.

लॉग हा माझ्या मते सगळ्या तयारीचा गाभा आहे. मॉड रीराइट राल्फ एंगेलशॉलनं १९९६ मधे लिहिला, इतकी वर्षं झाली तरी लोक त्याला जादूटोणा समजून इंटरनेटवरचे रूल आणून चिकटवतात, आणि तो बिचारा प्रत्येक पायरीला काय केलं ते सांगायला तयार असतो. जुन्या लेखांत रीराइटलॉग लिहिलेलं दिसेल, ते २.४ मधे राहिलं नाही, आता लॉगलेव्हल अलर्ट रीराइट:ट्रेस३ अशी ओळ व्हर्च्युअल होस्टमधे, म्हणजे सर्व्हर कॉन्फिगमधल्या त्या साइटच्या भागात, लिहायची आणि एरर लॉग उघडून बसायचं. ट्रेस८ पर्यंत जाता येतं पण तीनमधे बहुतेक सगळं दिसतं. ही ओळ एचटीअ‍ॅक्सेसमधे चालत नाही, म्हणून शेअर्ड होस्टिंग असेल, सर्व्हर कॉन्फिगला हात लावता येत नसेल, तर तीच साइट आपल्या मशीनवर लोकल उभी करा. लोकल विंडोज असेल तर फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी चालून जातं आणि लिनक्सवर तेच ४०४, म्हणजे पान सापडलं नाही, असं देतं, तेवढं ध्यानात ठेवा.

लॉगमधे एक ओळ येते, अमुक पॅटर्न तमुक यूआरआयला, म्हणजे पत्त्याला, लावतोय अशा अर्थाची, ती सावकाश वाचा. एचटीअ‍ॅक्सेसमधे त्या यूआरआयच्या सुरुवातीला स्लॅश नसतो, सर्व्हर कॉन्फिगमधे असतो. तोच रूल इकडून तिकडं उचलून ठेवला की म्हणूनच मरतो. रीराइटकंड, म्हणजे रूलच्या आधी लिहायची अट, फक्त त्याच्या लगेच खालच्या एकाच रूलला लागू होतो, दोन रूल असतील तर दोनदा लिहा. आणि प्रश्नचिन्हाच्या पुढचं रूलच्या पॅटर्नला कधीच दिसत नाही, त्यासाठी क्वेरी स्ट्रिंगवर वेगळी कंडिशन लागते.

हे शेवटचं आम्हाला एका चप्पलवाल्या काकांच्या साइटवर भोवलं. जुने पत्ते प्रॉडक्ट डॉट पीएचपी आणि आयडी ४७ अशा पद्धतीचे, आणि तेच क्यूआर कोड करून खोक्यांवर चिकटवलेले, म्हणजे ते पत्ते चालू ठेवण्याला पर्यायच नव्हता. नवीन साइटला मराठी पत्ते दिले. बाहेरचा रूल आयडी ४७ ला नव्या पत्त्यावर पाठवायचा, आतला रूल नव्या पत्त्याला गुपचूप परत आयडी ४७ वर आणायचा, एचटीअ‍ॅक्सेसमधे एल फ्लॅगनंतर, म्हणजे रूलच्या शेवटच्या ‘इथं थांब’ या खुणेनंतरही, फाइल परत पहिल्यापासून चालते म्हणून बाहेरचा रूल परत लागायचा, आणि ब्राउझर दमून सांगायचा की खूप वेळा रीडायरेक्ट झालं. आतल्या रूलला एलच्या जागी पूर्ण थांबवणारा एंड फ्लॅग दिला की थांबलं. शिवाय नव्या पत्त्याच्या शेपटीला आयडी ४७ लटकत होता, तो क्यूएसडी फ्लॅगनं काढला. हा झाला ब्राउझरमधला लूप. सर्व्हरच्या आतल्या आत फिरत राहिलं तर वेगळं दिसतं, पाचशे येतो आणि लॉगमधे १० इंटर्नल रीडायरेक्टची मर्यादा ओलांडली असं लिहिलेलं असतं.

आता मराठी पत्त्यांचं, कारण याबद्दल कुणी धड सांगत नाही. कापशी-चप्पल एवढा स्लग, म्हणजे पत्त्यातला पानाच्या नावाचा भाग, घ्या. काना, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर हे सगळं वेगळं मोजतात, म्हणजे कापशीचे पाच तुकडे, चप्पलचे पाच, मधे एक रेघ. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट आणि पत्त्यात लागणाऱ्या टक्केवाल्या भाषेत प्रत्येक बाइटला तीन अक्षरं, असा तो पत्ता ९१ अक्षरांचा होतो. नुसता क म्हणजे %ई०%ए४%९५. लोक ब्राउझरमधून हे लांबलचक उचलून रूलमधे चिकटवतात आणि दोन्हीकडं, डावीकडच्या पॅटर्नमधे आणि उजवीकडच्या नव्या पत्त्यात, फसतात. डावीकडं फसतात कारण अपाचे पॅटर्न लावतो तो आधीच उलगडलेल्या, म्हणजे साध्या मराठी अक्षरांना. उजवीकडं फसतात कारण टक्का आणि त्यापुढं आकडा दिसला की तो त्याला वरच्या कंडिशनमधला पकडलेला तुकडा समजतो, %९५ मधला %९ उडतो आणि नुसता ५ उरतो, आणि जे टक्के वाचतात त्यांना तो परत एन्कोड करून %२५ करतो. सरळ मराठीतच लिहा, डावीकडं पण उजवीकडं पण, फाइल यूटीएफ-८ मधे सेव्ह करा, एन्कोड करायचं काम त्याच्यावर सोडा. फक्त क्वेरी स्ट्रिंगवर कंडिशन असेल तर तिथं टक्केवालंच लागतं, कारण ती उलगडली जात नाही.

आणि एक चकवा असा की स्क्रीनवर दिसतच नाही. काकांच्या साइटवर ॲक्सेसरीज नावाचा विभाग होता, मी लिंक उघडली की चालायची, काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली उघडली की ४०४. दोन्ही लिंक शेजारी ठेवल्या तर अक्षर न अक्षर सारखं. शेवटी हेक्समधे, म्हणजे एकेक बाइट, बघितलं. पहिलं अक्षर एका ठिकाणी एकसंध ॲ होतं, तीन बाइट, दुसऱ्या ठिकाणी अ, मग न दिसणारा जोडणारा झेडडब्ल्यूजे, मग वरचा चंद्र, मिळून नऊ बाइट. कीबोर्ड वेगळा की अक्षर वेगळं. त्यामुळं मराठी स्लग असेल तर आधी ठरवा कुठला प्रकार मुख्य, दुसऱ्याला रीडायरेक्ट द्या, आणि वहीत दोन्ही लिहा.

साइटच्या पुढं क्लाउडफ्लेअरसारखं मधे बसणारं काही असेल आणि मागच्या सर्व्हरला ते साध्या एचटीटीपीनं बोलत असेल तर सगळ्यांना एचटीटीपीएसकडं नेणारा रूल गोल फिरतो, तेव्हा गिऱ्हाईक मुळात कशानं आलं ते एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर बघून ठरवा.

सगळं झालं की ट्रेसची ओळ काढा, नाहीतर सर्व्हर हळू होतो आणि लॉग डिस्क भरतो, मग ३०२ चे ३०१ करा, वहीतली यादी पहिल्यापासून परत कर्लनं चालवा, आणि दुकानात जाऊन खोक्यावरचा कोड आपल्या नाही, काकूंच्या मोबाइलवर स्कॅन करून बघा.