उघडलेली वाइन दुसऱ्याच दिवशी आंबट? या चुका टाळा

रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नसते, ही ऐकीव गोष्ट आधी डोक्यातून काढा. रेड 'खोलीच्या तापमानाला' प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, साधारण १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात नागपुरात बाहेर पारा ४५ वर असताना धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये कूलर कितीही घरघरला तरी तेवढं थंड होणं शक्य नाही. अशा खोलीत उघडी बाटली टेबलावर राहिली की सकाळी तिची चवच बिघडलेली.

बूच निघालं की ऑक्सिजन आत शिरतो. आधी फळांचा वास मरतो, मग अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होऊन मार लागलेल्या सफरचंदासारखा वास येतो, आणि शेवटी जिवाणू अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगर, बनवू लागतात. उकाड्यात हे सगळं भराभर होतं, थंडीत रेंगाळतं. म्हणून रेड, व्हाइट, रोझे, सगळ्या फ्रीजमध्ये. रेड पिण्याआधी थोडा वेळ बाहेर काढायची. थंडीच्या दिवसांत अर्धा तास, उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरतात.

ठेवण्यातही गफलत होते. आडवी बाटली ही बंद बुचाची रीत. उघडलेली उभी ठेवा, म्हणजे वाइनचा हवेशी कमी पृष्ठभाग येतो. फ्रीजच्या दारात नको, दिवसभर उघडझाप होते.

खरा शत्रू मात्र बाटलीतली रिकामी जागा. ७५० मिलीची बाटली अर्धी संपली की आत तेवढीच हवा बसते. फ्रीज वेग कमी करतो, हवा काढत नाही. उपाय फुकटचा आहे: एक छोटी काचेची, घट्ट झाकणाची बाटली धुऊन ठेवा आणि अर्धीच लागणार हे माहीत असेल तर वाइन उघडल्या उघडल्या तिच्यात काठोकाठ भरा. लोणच्याची बरणी चालणार नाही, वास जात नाही. हवा ओढून घेणारे छोटे पंपही मिळतात, पण स्पार्कलिंगला ते लावू नका, बुडबुडेच ओढले जातात. तिच्या तोंडात चमचा अडकवण्याचाही उपयोग शून्य. दाब धरणारं खास झाकण घ्या आणि एक-दोन दिवसांत संपवा. साध्या वाइनला तीन ते पाच दिवस. पोर्ट, म्हणजे जास्त अल्कोहोलची गोड वाइन, मात्र काही आठवडे टिकते.

तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, थंडीनं जमतात, निरुपद्रवी असतात.

वाइन नुसती फिकी पडली असेल तर संत्र्याच्या फोडी, थोडी साखर आणि बर्फ घालून सँग्रिया करा. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात असतात, तेव्हा तर कराच. व्हिनेगरचा वास आला तर मात्र ती सावजी रश्श्यात ढकलायचा मोह नको. मसाला बाकी सगळं झाकेल, हा आंबटपणा नाही. सरळ मोरीत ओता.