जुन्या भावगीतांचा एक तास: नव्या निवेदकांसाठी

आकाशवाणीची आवाजाची चाचणी पास झालात, अभिनंदन. आता कधीतरी जुन्या भावगीतांचा तास वाट्याला येईल. तेव्हा निवेदन लिहायला बसण्याआधी निवडलेली सगळी गाणी ऐका. नुसता मुखडा नव्हे, शेवटच्या अंतऱ्यापर्यंत.

यामागे कारण आहे. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा त्यातली ५६ गाणी एकट्या सुधीर फडके यांनी गायलेली नव्हती. सीतेची बरीच गाणी माणिक वर्मांच्या आवाजात होती, वसंतराव देशपांडेही गात होते. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, सगळी गाणी स्वतः गायली आणि तीच घरोघरी पोचली. लायब्ररीच्या यादीत गाण्याची ओळ तीच दिसते. आवाज कुणाचा, हे हेडफोन लावल्यावरच कळतं. श्रोत्यांना मात्र ते पहिल्याच सुरात कळतं.

त्या काळाची थोडी माहिती करून घ्या. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेगीतं जवळजवळ बंद पडली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, १९५७ साली विविध भारती आली, हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं: याच वर्षांत केंद्रांनी स्वतःचं सुगम संगीत बसवलं. कवी, संगीतकार, वादक सगळे केंद्रावरच असायचे. मुंबई केंद्राचा यशवंत देवांचा ‘भावसरगम’ हा कार्यक्रम म्हणजे त्याच वाटेवरची पुढची गोष्ट. अशी गाणी निवडा, बाजारात त्यांची तबकडी निघालीच असेल असं नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. १३ गाणी म्हणजे साधारण ४२ मिनिटं. उरलेली १८ तुमची नाहीत. जाहिराती आणि उद्घोषणा वजा करा. गजानन वाटव्यांनंतर लगेच दुसरा पुरुष-आवाज नको, मध्ये मालती पांडे यांचं गाणं घ्या.

गायकाआधी कवीचं नाव घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ‘गीत राजा बढे, संगीत पु. ल. देशपांडे, स्वर माणिक वर्मा’ एवढं नीट उच्चारलं की निवेदन झालं. सुरुवातीच्या वाद्यमेळावर बोलू नका. तीन मिनिटांच्या गाण्यात तो जेमतेम आठ-दहा सेकंद असतो आणि संगीतकाराने तो मोजून बांधलेला असतो. वाक्य संपवा, श्वास घ्या, मग फेडर (गाण्याचा आवाज वर-खाली करायची सरकपट्टी) उघडा.

वेळ कमी पडली तर निवेदन कापा, गाणं नाही. वेळ उरली तर बासरीची किंवा सतारीची एखादी छोटी धून आधीच काढून ठेवलेली असू द्या.