मुलाला मानसोपचार वॉर्डात दाखल करताना या चुका टाळा

मुंबईतल्या केईएम, सायन, नायर, कूपर, कुठल्याही रुग्णालयात जा, मुलाला दाखल करताना पालक अडकतात ती कारणं तीच ती असतात. आजार अवघड असतोच, पण रात्र वाया जाते ती टाळता येण्यासारख्या गोष्टींत.

एकट्या वडिलांनी मुलीला घेऊन येणं. मूल वॉर्डात सोडून घरी जाता येतं, असा अनेकांचा समज असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८७ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलासोबत पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण मुक्काम राहायचं असतं. मुलगी असेल आणि अर्ज करणारे वडील असतील, तर सोबत बाईच हवी. भांडुपचे एक वडील नववीतल्या मुलीला रात्री साडेअकराला टॅक्सीने घेऊन आले. कानात आवाज येतात म्हणत ती दोनदा गॅलरीच्या कठड्याकडे धावली होती. आई घरी, धाकट्याला ताप. डॉक्टरांनी तपासलं, दाखल करायचं ठरलं, अर्जही लिहून झाला आणि प्रश्न आला, "हिच्याजवळ बाई कोण राहणार?" मावशी कल्याणला, शेवटची लोकल निघून गेलेली. मावशी पहाटेच्या गाडीने पोचली. तोवर मुलगी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आणि वडील तिचं मनगट धरून बाकावर. संध्याकाळीच मावशीला एक फोन केला असता, तर हे झालं नसतं.

म्हणून घर सोडण्याआधी पहिल्या तीन दिवसांच्या पाळ्या कागदावर लिहा. दिवसा कोण, रात्री कोण, अडचण आली तर तिसरं कोण. "बघू तिथे गेल्यावर" हे उत्तर चालत नाही. पिशवीत मुलाच्या वयाचा दाखला, पालकांचं ओळखपत्र, जुने केस पेपर आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या. ओढणी, नाडीचे कपडे, पट्टा घरीच.

फसवून आणणं. "रक्त तपासून येऊ", "मामाकडे जाऊ" असं सांगून मुलाला टॅक्सीत बसवतात. त्याहून वाईट म्हणजे आजीची झोपेची गोळी दुधातून देतात. झटपट सुटण्याचा हा मार्ग सगळ्यात महाग पडतो. दाखल करण्यासाठी दोन जणांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच असावा लागतो. मुलाची इच्छा काय आहे, हेही त्यांना विचारात घ्यायचं असतं. पेंगणाऱ्या पोराला काय विचारणार? शिवाय गोळी दिल्याचं घरचे लपवतात, आणि डॉक्टर त्यावर आणखी गुंगीचं इंजेक्शन देण्याचा धोका उभा राहतो. दिली असेल तर नाव, मिलिग्रॅम आणि वेळ पहिल्या वाक्यात सांगा.

मुलाला खरं सांगायचं, थोडक्यात: "तुला झोप नाही, भीती वाटते, आम्हाला घरी सांभाळता येत नाहीये. डॉक्टरांकडे जातोय. राहावं लागेल बहुतेक. मी तुझ्याजवळच असेन." मूल रडेल, नाही म्हणेल. दाखल करण्यासाठी त्याची सही लागत नाही, पण वॉर्डातल्या पहिल्या रात्री त्याचा तुमच्यावर विश्वास लागतो.

कोर्टाचा कागद शोधत बसणं. दाखल करायला मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, ही समजूत १९८७ च्या जुन्या कायद्यातून आलेली. आता पालक वैद्यकीय अधिकाऱ्याकडे अर्ज करतात.

७२ तासांचा घोळ. "तीन दिवसांत सोडावंच लागतं" हे चूक. दाखल केल्याची माहिती रुग्णालयाने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (अशा दाखल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या, याच कायद्याखालच्या मंडळाला) ७२ तासांत कळवायची असते. मुक्काम ३० दिवसांवर गेला तर पुन्हा कळवायचं, आणि मंडळाने सात दिवसांत तपासणी करायची. आणीबाणीच्या उपचारांची ७२ तासांची मर्यादा वेगळी. शॉक ट्रीटमेंट त्या आणीबाणीत देता येत नाही. एरवीही मुलांना ती पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय देता येत नाही.

जास्तीच्या गोळ्या खाल्लेल्या मुलाला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणं. नाही. जवळची कॅज्युअल्टी, १०८ ला फोन, रिकामी पट्टी सोबत. उलटी करवू नका. पोर हसतंय म्हणून घरी थांबू नका, काही गोळ्यांचा यकृतावरचा घात दोन-तीन दिवसांनी दिसतो. पोलिसांत नोंद होईल या भीतीने खोटं सांगू नका, त्याने उपचार चुकतात.

१८ व्या वाढदिवसाकडे दुर्लक्ष. वॉर्डात असताना मूल सज्ञान झालं की कायद्याने ते स्वतंत्र रुग्ण ठरतं. घरी जायचं असेल तर तेही ते स्वतः मागू शकतं. आधीच डॉक्टरांशी बोला.

चौथ्या दिवशी घरी नेणं. पालकांनी मागितला तर डिस्चार्ज द्यावाच लागतो, आणि उतावीळ घरं नेमका हाच हक्क वापरतात. "आता शांत झालाय, सहामाही आहे." शांत झालाय तो झोपेच्या गोळीने. मूळ औषधाचा परिणाम दिसायला बऱ्याचदा काही आठवडे लागतात. न्यायचंच असेल तर डिस्चार्ज कार्ड, पुढच्या भेटीची तारीख आणि गोळ्यांचं वेळापत्रक हातात घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. घरी गोळ्या कुलपात, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे, आणि गोळी गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. रात्री परत बिघडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. शाळेला द्यायच्या पत्रात "वैद्यकीय कारणासाठी गैरहजर" एवढंच लिहून मागा. आजाराचं नाव शाळेला सांगायचं की नाही, हे मुलाला विचारून ठरवा.