बीअर फेस्टिव्हलला जाताय? आधी क्रम ठरवा
आत शिरल्या शिरल्या आयपीएचा, म्हणजे कडवट इंडिया पेल एलचा, ग्लास उचलू नका. तिच्यातल्या हॉप्सचा (बीअरला कडवट चव देणारी फुलं) कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि त्यावर घेतलेली पिल्सनरसारखी हलकी लागर निव्वळ पाणी वाटते. सुरुवात लागर, व्हीट (गव्हाच्या) बीअर अशा हलक्या प्रकारांपासून करा. मग जरा कडवट पेल एल, आयपीए. इम्पीरियल स्टाउट ही काळी, कडक बीअर अगदी शेवटी, कारण तिच्यात अल्कोहोल बहुधा ८ ते १२ टक्के असतं. चाखायला छोटा ग्लासच मागा. ही स्टाउट फार थंड असताना काही बोलतच नाही. ग्लास हाताच्या उबेत थोडा वेळ धरा, कॉफी-चॉकलेटचा वास वर येतो. एखाद्या दुर्मिळ बीअरचा पिंप लवकर संपणार असेल, तर क्रम खुशाल मोडा, पण मध्ये भरपूर पाणी प्या. आणि हो, गाडी घरीच ठेवा.